लेव्हल नाईनची लेक आणि छोटी कॉलेजं

पत्र

माझी मुलगी 16 वर्षांची आहे, अकरावीत. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लहानपणापासून ती क्लबमध्ये जिम्नॅस्टिक्स करते, सध्या दहा लेव्हलपैकी लेव्हल 9 ला आहे. आठवड्याला 18-20 तास जिममध्येच असते. मागच्या वर्षी घोट्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून चार प्रकारांपैकी बार्स आणि बीम उत्तम चाललंय, फ्लोअर जेमतेम आणि व्हॉल्ट जवळजवळ बंद. तिने मोठमोठ्या युनिव्हर्सिटींच्या कोचना मेल केल्या, एकीकडूनही उत्तर नाही. क्लबच्या कोच म्हणाल्या, डिव्हिजन 1 (कॉलेज खेळांतला सगळ्यात वरचा गट) विसरा. तिला पुढे फिजिकल थेरपी करायची आहे, पण कॉलेजातही टीममध्ये खेळायचंच असा हट्ट आहे. यांचं म्हणणं, आता बास झालं, अभ्यासाकडे बघ. सासूबाई पुण्याहून रोज विचारतात, पाय बरा आहे का, अजून उड्या मारतेय का. मंडळातल्या मैत्रिणी म्हणतात, स्कॉलरशिप मिळणार नसेल तर एवढी वर्षं कशासाठी केलंत? एका रिक्रूटिंग कंपनीने कॉलेज मिळवून देतो म्हणून काही हजार डॉलर मागितलेत. आम्ही अजून एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, ती आमच्यामुळे मिळालेल्या एच-4 वर. छोट्या कॉलेजांत खेळण्यात काही अर्थ आहे का?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर

ताई,

आधी त्या कंपनीचं सांगते. पैसे देऊ नका. का, ते पुढे ओघात येईलच.

तुमच्या कोचनी सांगितलं ते खरं आहे, पण अर्धं आहे. डिव्हिजन 1 च्या मोठ्या टीममध्ये लेव्हल 10 ची नॅशनल्स गाजवलेल्या मुली असतात, काही तर देशाकडून खेळलेल्या. त्यातून ते दार आता आणखी अरुंद झालंय. पूर्वी तिथे एका टीमला 12 पूर्ण स्कॉलरशिपा असायच्या आणि त्याखेरीज स्वतःच्या खर्चाने येणाऱ्या वॉक-ऑन मुली घ्यायला कोच मोकळे असायचे. 2025 च्या जूनमध्ये कोर्टाने हाऊस सेटलमेंट, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या पैशांवरच्या खटल्यातली तडजोड, मंजूर केली. ती व्यवस्था ज्या युनिव्हर्सिटींनी स्वीकारली त्यांना महिला जिम्नॅस्टिक्सच्या टीममध्ये आता जास्तीत जास्त 20 मुली ठेवता येतात. त्या विसांपैकी कितीही जणींना स्कॉलरशिप देता येते, त्यामुळे एकेक जागा कोच मोजून-मापून भरतात. तुमच्या लेकीच्या मेलना उत्तर आलं नाही त्याचं कारण हे असावं. मेल वाईट लिहिली असेल म्हणून ती रात्री जागत असेल तर तिला हे वाचायला द्या.

आता उरलेलं अर्धं. एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेत महिला जिम्नॅस्टिक्सच्या 80 च्या घरात टीम आहेत. टीव्हीवर दिसतात त्या त्यांतल्या वरच्या पंचवीस-तीस. डिव्हिजन 3 (डी-थ्री) मध्ये पंधराएक आहेत, डिव्हिजन 2 (डी-टू) मध्ये मोजक्या. आणि तुमचं नशीब असं की यातल्या बऱ्याच तुमच्या घरापासून गाडीने जाण्याच्या अंतरावर आहेत. फिलाडेल्फियाच्या बाहेर कॉलेजव्हिल नावाच्याच गावात अर्सिनस कॉलेज आहे, तिथे डी-थ्रीची टीम. त्याच बाजूला वेस्ट चेस्टर, ही सरकारी युनिव्हर्सिटी, डी-टू. न्यू हेवनला सदर्न कनेक्टिकट, तेही डी-टू. मॅसॅच्युसेट्समध्ये स्प्रिंगफील्ड, प्रॉव्हिडन्सला ऱ्होड आयलंड कॉलेज. न्यू यॉर्क राज्यात वर गेलात की इथाका कॉलेज, तिथून वीसेक मैलांवर सनी (न्यू यॉर्कची सरकारी युनिव्हर्सिटी) कॉर्टलंड, आणि रॉचेस्टरजवळ सनी ब्रॉकपोर्ट. विमानाने जायची तयारी असेल तर विस्कॉन्सिनमध्ये ला क्रॉस, व्हाइटवॉटर, ओशकोश, ओ क्लेअर आणि स्टाउट या सरकारी कॅम्पसांची आपसातली चुरस म्हणजे डी-थ्री जिम्नॅस्टिक्सचं माहेरघर. ला क्रॉस आणि व्हाइटवॉटरने राष्ट्रीय विजेतेपदं इतक्या वेळा नेलीत की पूर्वेकडच्या कोचना त्याचा राग येतो. मिनेसोटात हॅम्लिन आणि गस्टाव्हस अडॉल्फस आहेत.

यांची राष्ट्रीय स्पर्धा वेगळी असते. एनसीएएची महिला जिम्नॅस्टिक्सची एकच स्पर्धा आहे, सगळ्या डिव्हिजनना मिळून, आणि तिथे प्रत्यक्षात मोठ्याच टीम पोचतात. म्हणून डी-थ्रीच्या टीम एनसीजीए या संघटनेच्या नॅशनल्सला खेळतात. डी-टू आणि आयव्ही लीगमधल्या टीमसाठी यूएसए जिम्नॅस्टिक्सची कॉलेजिएट नॅशनल्स असते. आयव्हीचा विषय निघाला की तुमचे मिस्टर खुर्चीत सरळ होऊन बसतील, म्हणून सांगून टाकते: पेन, येल, ब्राउन आणि कॉर्नेल या चौघांकडे टीम आहे, खेळासाठी स्कॉलरशिप एकाही ठिकाणी नाही, आणि तिथल्या मुली बहुतेक लेव्हल 10 च्या असतात. मार्क उत्तम असतील तर एक मेल तिथेही टाका, पण सगळा डाव त्यावर लावू नका. एमआयटीचं नाव निघालंच तर त्यांनी 2009 मध्ये ही टीम बंद केली.

आता त्या घोट्याकडे येऊ. मला तुमच्या पत्रात सगळ्यात आशेची जागा तिथेच दिसली, आणि तुम्हाला नेमकी तीच अडचण वाटतेय.

क्लबमध्ये मुलीने सहसा चारही अ‍ॅपरेटस करायचे असतात, ऑल-अराउंडची म्हणजे चारही मिळून बेरीज लागते. व्हॉल्ट गेला की बेरीज गेली, आणि मुलीला वाटतं आपण संपलो. कॉलेजात हिशोब टीमचा असतो. प्रत्येक अ‍ॅपरेटसवर सहा मुली उतरतात, त्यांतले वरचे पाच स्कोअर धरले जातात. चार अ‍ॅपरेटस म्हणजे एकूण 24 जागा. टीममध्ये पंधरा-वीस मुली, काही जणी एकच रूटीन करणाऱ्या, काही दोन. कोचला पोस्टरवर छापायला ऑल-अराउंडर लागते, पण शनिवारी मीट (स्पर्धा) जिंकायला लागते बीमवरून न पडणारी सहावी मुलगी. तुमची लेक बार्स आणि बीमची आहे. या दोन्हींवर डिसमाउंट (शेवटची खाली उडी) सोडला तर घोट्यावर फ्लोअरच्या टंबलिंगइतका मार बसत नाही. सर्जनने हिरवा कंदील दाखवला असेल (आणि हे त्यांच्याकडून कागदावर घ्या, तोंडी नको) तर कॉलेजात ती व्हॉल्टच्या धावपट्टीकडे न फिरकताही चार वर्षं खेळू शकते. क्लबमध्ये कुणी तिला हे सांगितलं नसेल, कारण क्लबचं गणितच वेगळं.

त्या पातळीवर काय लागतं? कॉलेजचे नियम लेव्हल 10 च्या कोडवर बेतलेले आहेत, स्कोअर 10 पैकी. डी-थ्रीच्या चांगल्या टीमची बेरीज 190 च्या आसपास किंवा थोडी वर जाते. म्हणजे एका रूटीनला साधारण साडेनऊ. बार्सवर हँडस्टँडपर्यंत नीट जाणारे कास्ट (पाय मागून वर झोकणं), स्वच्छ जायंट्स (बारभोवती पूर्ण गिरक्या), एक रिलीज (बार सोडून पुन्हा पकडणं) आणि पाऊल न हलवता उतरणं. बीमवर बॅक हँडस्प्रिंग-लेआउट स्टेप-आउटची सीरीज, म्हणजे लागोपाठ दोन मागच्या उड्या, न डगमगता. अवघड गोष्टी जमवण्यापेक्षा सोप्या गोष्टी सुबक करणाऱ्या मुली इथे जास्त खेळतात. लेव्हल 9 वरून थेट आलेल्या मुली डी-थ्रीच्या रोस्टरवर (खेळाडूंच्या यादीत) भरपूर सापडतील. खोटं वाटत असेल तर आजच संध्याकाळी पाच टीमच्या वेबसाइटवर रोस्टर उघडा. प्रत्येकीच्या नावापुढे तिचा क्लब आणि बहुधा लेव्हलही दिलेली असते. त्या क्लबांत तुमच्या ओळखीचा एखादा निघेल. मग ती मुलगी लेव्हल 9 ला किती स्कोअर करत होती, ते शोधायला तुमच्या लेकीला दहा मिनिटं लागणार नाहीत. एक मात्र आहे. वरून ढकलल्या गेलेल्या लेव्हल 10 च्या मुली आता या टीमकडे येऊ लागल्या आहेत, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी मिळाली असती तितक्या सहज जागा मिळेल असं धरून चालू नका.

हे प्रकरण असतं कसं, ते एकदा डोळ्यांनी बघा. गेल्या हिवाळ्यात मी एका लहान कॉलेजाच्या मीटला गेले होते. बास्केटबॉलच्या जुन्या हॉलमध्ये मॅट अंथरलेल्या, बाकड्यांवर तीनशेएक माणसं, त्यांतली निम्मी आईबाप. पाहुण्या टीमची एक मुलगी, घोट्याला पांढरी टेप गुंडाळलेली, संध्याकाळभरात एकच रूटीन करणार होती, बार्सवर. आपली पाळी येईपर्यंत ती पाण्याची बाटली घेऊन बारवर फवारे मारत होती, वर चॉक घासत होती, दुसरी मुलगी बारवर चढली की खालचं स्प्रिंगबोर्ड धावत जाऊन ओढून काढत होती. मग स्वतः चढली. चाळीस सेकंदांचा खेळ. उतरताना एक लहान पाऊल मागे पडलं. नऊ पूर्णांक चार-पाच काहीतरी स्कोअर लागला आणि उरलेल्या चौदा जणी अशा ओरडल्या की माझ्या शेजारच्या आजोबांनी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलं. सहा जणींच्या रांगेत नाव न लागलेल्या दोघींनी शेवटी एक्झिबिशन म्हणून रूटीन केली. ते स्कोअर धरत नाहीत, पण पंच देतात. त्यांच्यासाठीही तितकाच आरडाओरडा. क्लबच्या मीटला मुली आपापल्या कोपऱ्यात इअरफोन लावून बसलेल्या असतात; तुमच्या लेकीने कधीतरी कॉलेजची मीट ऑनलाइन बघितली असेल आणि तिला हे हवंसं झालं असेल. तिचा हट्ट बहुधा एवढ्यासाठीच आहे.

पैशाचं आता स्पष्ट बोलू.

डी-थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. नियमच तसा आहे: कॉलेजने जी मदत द्यायची ती अभ्यास पाहून किंवा घरची ऐपत पाहून, आणि त्यात मूल खेळतं की नाही हे बघायचं नाही. डी-टूमध्ये एका टीमला सहा स्कॉलरशिपांइतके पैसे असतात आणि कोच ते तुकडे करून वाटतात, म्हणजे कुणाला पुस्तकांपुरते, कुणाला निम्मी फी. तेव्हा मंडळातल्या मैत्रिणींना उत्तर द्यायचं तर द्या: नाही मिळणार. यांच्याच मुलींनी दहा वर्षं भरतनाट्यम केलं, अरंगेत्रमला हॉल, ऑर्केस्ट्रा, चारशे पानं जेवण झालं, तेव्हा कुणी विचारलं का, कॉलेजने फी माफ केली का म्हणून?

पण अभ्यासावर मिळणारे पैसे या खासगी छोट्या कॉलेजांत खरंच मोठे असतात. राहणं-जेवण धरून वर्षाला 70 हजार डॉलरच्या पुढची छापील किंमत बघून घाबरू नका. ती पूर्ण भरणारे थोडे. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता खर्चाचा अंदाज देणारा) असतो, ठेवावाच लागतो. तो भरताना मात्र तुमच्यासारख्या घरांनी एक काळजी घ्यायची. एच-4 वरच्या मुलीला सरकारी मदत मिळत नाही, फाफसा (सरकारी मदतीचा अर्ज) तिच्यासाठी नाही. कॅल्क्युलेटर ते गृहीत धरत नाही आणि पेल ग्रँट, सरकारी कर्ज असले आकडे खुशाल दाखवतो. ते वजा करूनच उरलेला आकडा बघा. कॉलेजची स्वतःची मेरिट मदत बऱ्याच ठिकाणी व्हिसा न बघता मिळते, काही ठिकाणी नाही. याचं उत्तर अ‍ॅडमिशन ऑफिसकडून मेलवर मागा. कोचला विचारू नका, त्याला ते माहीत नसतं आणि तो बिचारा चांगुलपणाने 'हो' म्हणून बसतो.

आणि दुसरं, जे लोक विसरतात. 21 व्या वाढदिवशी तिचं एच-4 संपेल. कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात, कदाचित हंगामाच्या मधोमध. ग्रीन कार्ड तोवर आलं तर देव पावला, नाही तर एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) घ्यावं लागेल. एफ-1 वर टीममध्ये खेळायला काही आडकाठी नाही. पण फी बदलते का, मेरिटचे पैसे तसेच राहतात का, हे प्रवेश घ्यायच्या आधी लेखी विचारून ठेवा. फिजिकल थेरपीचा लांबलचक कोर्स असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. वकिलाशी बोलायचं ते याच वर्षी, तिच्या विसाव्या वर्षी नको.

फिजिकल थेरपीवरून आठवलं. इथाकामध्ये बारावीनंतर थेट प्रवेश देऊन डॉक्टरेटपर्यंत नेणारा फिजिकल थेरपीचा कोर्स आहे. स्प्रिंगफील्ड तर शारीरिक शिक्षणासाठीच ओळखलं जातं. बास्केटबॉलचा जन्म 1891 मध्ये तिथलाच. ला क्रॉसचंही या क्षेत्रात नाव आहे. म्हणजे तिला शिकायचंय ते आणि तिला खेळायचंय ते, दोन्ही एकाच गावात मिळणारी कॉलेजं खरोखर आहेत, आणि 'अभ्यास की उड्या' हा तुमच्या घरातला वाद निदान काही कॉलेजांपुरता तरी मिटतो. अशा ठिकाणी कोचला एक प्रश्न नक्की विचारायचा: टीममध्ये पीटीच्या (फिजिकल थेरपीच्या) मुली आत्ता किती आहेत, आणि क्लिनिकल (रुग्णांवरचं प्रत्यक्ष प्रशिक्षण) सुरू झाल्यावर त्या खेळत राहिल्या की सोडून गेल्या? उत्तरात आकडा आला तर विश्वास ठेवा. 'आमच्याकडे सगळं अ‍ॅडजस्ट होतं' असं आलं तर टीममधल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला शोधून तिलाच विचारा.

तुमच्या मिस्टरांच्या काळजीला मी हसणार नाही. तिचा वेळ जाणार, हे खरं आहे. फक्त एक बघा, ती आताच आठवड्याला 20 तास देतेय, त्यात क्लबला जायचा-यायचा वेळ वेगळा. कॉलेजात जिम होस्टेलपासून चालत जाण्यावर असते, मीट जानेवारी ते मार्च, आणि बहुतेक डी-थ्री टीमचा सराव क्लबपेक्षा जास्त नसतो. शिवाय दुखापती बघणारा कॉलेजचा अ‍ॅथलेटिक ट्रेनर तिथेच बसलेला असतो. घोटा सुजला तर कोणाला तरी रजा काढून गाडी हाकत न्यावं लागत नाही. त्यांनी एक अट घातली तर मात्र मी त्यांच्या बाजूने उभी राहीन: टीम उद्या बंद पडली तरी ज्या कॉलेजात ती आनंदाने राहील, अशाच कॉलेजात अर्ज करायचा.

ही अट उगाच घालायला सांगत नाही. टीम बंद पडतात. फिस्क युनिव्हर्सिटीने ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजांमधली पहिली जिम्नॅस्टिक्स टीम उभी केली, 2023 च्या जानेवारीत ती पहिल्यांदा उतरली तेव्हा देशभर बातम्या झाल्या. 2025 मध्ये त्यांनी सांगून टाकलं की 2026 चा हंगाम शेवटचा. टॅलाडेगा कॉलेजची टीम तर एका हंगामात आटोपली. उलट आयोवातलं सिंप्सन, इलिनॉयमधलं ग्रीनव्हिल अशा लहान कॉलेजांनी अलीकडेच टीम सुरू केल्या आहेत. त्यामागे हिशोब असतो: खेळाच्या नावाने वीस मुली येतात, वीस जणींची फी येते. त्यात पाप काही नाही. पण नव्या टीमच्या कोचला हसून विचारायचं, पैसा कॉलेजच्या बजेटमधून येतो की देणग्यांवर चाललंय, आणि जिम स्वतःची की गावातल्या क्लबची भाड्याने.

आता त्या कंपनीचं काम तुमची लेक फुकटात कशी करते ते बघा. डी-थ्रीचे कोच स्वतःच मेल वाचतात, बरेचदा त्यांच्याकडे एकच असिस्टंट असतो, आणि चांगली मुलगी आपण होऊन लिहितेय याचा त्यांना आनंद होतो. डिव्हिजन 1 च्या कोचना दहावी संपल्यावर 15 जूनच्या आधी मुलींशी बोलायची बंदी असते. डी-थ्रीत फोन-मेलवर अशी बंधनं जवळजवळ नाहीत. तेव्हा ती अकरावीत आहे म्हणजे उशीर झालेला नाही, अगदी वेळेवर आहे.

मेल तिने लिहायची. तुम्ही नाही, कोच नाही, बाबांनी 'जरा इंग्लिश बघतो' म्हणून हात लावायचा नाही. विषयाच्या ओळीत नाव, ग्रॅज्युएशनचं वर्ष, लेव्हल आणि बार्स-बीम. खाली चार ओळी: हेच कॉलेज का (पीटीचा कोर्स, त्यांच्या मागच्या मीटमधलं काहीतरी पाहिलेलं), मार्क आणि कोणते विषय, घोट्याचं ऑपरेशन कधी झालं आणि आता काय करते. ऑपरेशन लपवायचं नाही. कोचना ते व्हिडिओत दिसतंच, आणि न सांगितलेलं दिसलं की पुढचं सगळं संशयाने बघितलं जातं. व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा, गाणं न लावता, स्लो मोशन न करता. आधी पूर्ण बार्स रूटीन, मग बीम, मग सध्या शिकतेय त्या एक-दोन गोष्टी, आणि मॅट मऊ असेल तर तसं लिहून. टीमच्या वेबसाइटवर रिक्रूट क्वेश्चनेअर असतो, तोही भरायचा. दर महिन्या-दीड महिन्याने मीटचे स्कोअर कळवायचे. उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदा, मग पुढच्या कॉलेजकडे.

अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात काही कोच तिचे मार्क अ‍ॅडमिशन ऑफिसला आधी दाखवून घेतात, त्याला प्री-रीड म्हणतात. तिथून 'बरं दिसतंय' असं आलं तर अर्धी लढाई जिंकली, पण तो प्रवेश नव्हे. कोच म्हणाला 'अर्ली डिसिजनने अर्ज कर' तर त्या दिवशीच हो म्हणू नका. अर्ली डिसिजन म्हणजे बांधिलकी, आणि तुमच्या घरी मदतीचा आकडा बघितल्याशिवाय ती परवडणारी नाही. आधी आकडा लेखी, मग सही.

आणि समजा यातलं काही जमलं नाही, किंवा तिला रटगर्ससारख्या मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीतच पीटीच्या आधीचं शिक्षण स्वस्तात घ्यावंसं वाटलं, तरी खेळ थांबत नाही. एनएआयजीसी नावाची संघटना आहे, कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी चालवलेल्या जिम्नॅस्टिक्स क्लबांची. बहुतेक ठिकाणी ट्रायआउट नाही, फी थोडी, आठवड्याला दोन-तीनदा सराव, आणि वर्षातून एकदा देशभरचे क्लब नॅशनल्सला जमतात. मुलगेही असतात. मुलग्यांच्या आईबापांनी तर हे नाव लिहूनच ठेवावं, कारण एनसीएएमध्ये पुरुषांच्या टीम जेमतेम पंधराएक उरल्या आहेत. आयोवा आणि मिनेसोटासारख्या जुन्या टीम 2020 मध्ये बंद करायचं ठरलं. या एनएआयजीसी क्लबांत बहुधा कोच नसतो, मुलंच एकमेकांना शिकवतात, आणि तुमच्या लेकीसारखी लेव्हल 9 ची मुलगी पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी कास्ट शिकवताना दिसेल. कॉलेज निवडताना तिथे असा क्लब आहे का, हेही बघून ठेवा. माझ्या मते तिच्या यादीतल्या तीन नावांपैकी एक असं असावं.

सासूबाईंना सांगा, पाय बरा आहे, सर्जनचा कागद आला की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते.

आणि जानेवारीत अर्सिनस किंवा वेस्ट चेस्टरचं वेळापत्रक बघून घरच्या मीटला तिघंही जा. तुमच्याकडून दोन-अडीच तासांची ड्राइव्ह, त्याहून जास्त नाही. मीट संपल्यावर लेक कोचशी बोलेल, तुम्ही दोघं दूर उभे राहा. मिस्टरांनी नेट प्राइसबद्दल तोंड उघडलं तर त्यांना कॉफी आणायला पाठवा.